कडू घास

मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून इंदूताईंनी कडू घासाची पिठलं-भाकरी डब्यात भरली. सोबत टोमणाही तयार ठेवला. त्यांचे यजमान गेले तेव्हा समोरची हेमलता फिरकलीही नव्हती. आज हेमलताचा नवरा गेला होता. ‘शेजारधर्म असा असतो,’ एवढं तिला ऐकवायचंच होतं.

हेमलता भिंतीला टेकून बसली होती. डबा बघून म्हणाली, “वहिनी, तेव्हा मीही डबा घेऊन तुमच्या दारापर्यंत आले होते. काय बोलावं सुचेना, तशीच मागे फिरले.”

इंदूताईंनी तोंड उघडलं. त्यांनाही सुचेना. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि पिठल्यात बुडवून तिच्यापुढे धरला.

हेमलतानं तो घेतला आणि त्यांच्याच ओठांशी नेला. “हा तुमचा. तेव्हा राहिलेला.”

इंदूताईंनी पुन्हा तोंड उघडलं आणि तो घेतला.