बिनआवाजाची गाडी

शोरूमच्या आवारात नव्या हायब्रिड सुपरकारवरून दोघा साडूंची चांगलीच जुंपली होती.

"बॅटरीवर निघाली की चाहूलसुद्धा लागत नाही, हीच तर तिची ऐट!" धाकटे म्हणाले.

"डरकाळी नाही, ती कसली सुपरकार? आणि मागून तर चेपलेला बेडूक दिसतेय!" थोरल्यांनी आवाज चढवला.

तेवढ्यात विक्रेत्याने गाडी पुढे घेतली. थोरल्यांच्या लेकीचा फ्रॉक दारात अडकला होता. ती गाडीबरोबर ओढली जात होती. थोरल्यांचं तिकडे लक्ष गेलं. धावत जाऊन काचेवर थापा मारत त्यांनी गाडी थांबवली.

लेकीला पोटाशी धरून ते म्हणाले, "या मुक्या गाडीने घात केला असता गं! आवाजच नाही हिला!"



"मला होता ना, बाबा. मी केव्हाची हाका मारत होते."