बंदुकीला हात

कायझर्सलाउटर्नच्या निर्वासित वसतिगृहात उत्कर्षा दर शनिवारी लोकांची जर्मन पत्रं वाचून द्यायची. त्या दिवशी सीरियातल्या एकाच गावचे दोघे आले. नव्वाफसाहेब तिकडचे आमदार, अर्ध्या गावाच्या जमिनीचे मालक. हमूद त्यांचं कूळ. मुलूख गेला, आमदारकी गेली, पण खुर्चीत बसले ते साहेबच. शेजारची खुर्ची रिकामी असूनही हमूद मागे उभाच राहिला.

साहेबांना आश्रय मिळाला होता. हमूदचा अर्ज फेटाळला होता, कारण यादवीत तो बंदूक घेऊन लढला होता. आता त्याला परत धाडणार.

"मी जन्मात बंदुकीला हात लावला नाही," साहेब मिशीवरून बोट फिरवत म्हणाले.

उत्कर्षाला राहवलं नाही. "मग हमूदभाई, तुम्ही कशाला लावलात हो?"

हमूदने आधी साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"साहेब खरं बोलतात, फ्राउ उत्कर्षा. त्यांनी ओट्यावर बसून एवढंच सांगितलं, की ज्याला माझी जमीन कसायचीय त्याने घरटी एक माणूस लढायला द्यावा. बंदुका वाटायला मुनीम होता."