सातवं उत्तर

मे महिना, १९८९. भंडाऱ्याच्या एका कार्यालयात चंद्रकला सकाळपासून संगणकासमोर बसून थकून गेली होती. आयुष्यातला पहिला प्रोग्राम तिने लिहिला होता. फाइलमधून सहा केंद्रांचे पत्ते वाचायचे, तारेवरून एकेकाला हाक मारायची आणि उत्तर यायला किती सेकंद लागले ते पडद्यावर दाखवायचं; केंद्र जितकं लांब, तितके सेकंद जास्त. दुपारी नागपूरचे साहेब तो पाहणार होते आणि तिला नोकरीत ठेवायचं की नाही, ते ठरवणार होते.

पत्ते सहा होते, पण उत्तरं सात येत होती. सातव्यापुढे कोणाचंच नाव नव्हतं. नुसते नऊ सेकंद.

"शेवटी रिकामी ओळ राहिली असन," तिचे वरिष्ठ केशवराव शेजारच्या टेबलावरून कंटाळून म्हणाले. "काढून टाक, बाई."

तिने ती काढली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. सातवं उत्तर आलंच. सहा सेकंद.

"मी त काढली, सर. तुमीच पाहा."

केशवराव उठून आले. त्यांनी फाइल स्वतः तपासली. सहाच ओळी होत्या. त्यांनी प्रोग्राम चालवला. तीन सेकंद.

"हे जवळ काहून येऊन राहिलं, सर?"

केशवरावांनी वाकून यंत्रामागची, केंद्रांकडे जाणारी तार उपटली आणि तिला मान हलवून खूण केली. तिने कळ दाबली. सहाही केंद्रं गप्प राहिली. सातवं उत्तर एका सेकंदात आलं.

"बस झालं," ते हळू आवाजात म्हणाले. "आता चालवू नोको."

चंद्रकलाचे दोन्ही हात मांडीवर होते.

"मी नाई चालवला, सर."

पडद्यावर नवी ओळ उमटली होती. शून्य.