समोरची काच

सौंसरच्या नागपूर रोडवर महागड्या गाड्यांचं शोरूम उभं राहिलं, तेव्हा दुमजली काच पूर्वेला ठेवायचा आग्रह आर्किटेक्ट सुचिताचाच होता. सकाळच्या उन्हात गाड्या झळकाव्यात, एवढाच तिचा विचार. पण थंडी सुरू झाली आणि तिच्या लक्षात आलं, काचेवरून परतणारं ऊन थेट समोरच्या कलाबाईंच्या अंगणात पडतंय. काचेला काळी फिल्म लावायचं ठरवून ती रस्ता ओलांडून माफी मागायला गेली.

कलाबाई अंगणात पाय पसरून तान्ह्या नातीला तेल लावत होत्या.

"काकू, चुकलंच माझं. उद्याच फिल्म लावून हे ऊन बंद करते."

कलाबाईंचा तेलाचा हात थांबला. "बंद? नोका करू वो बाई! आमचं दार मावळतीले. माह्या साऱ्या लेकरायले सकाळच्या उन्हासाठी मी लोकाच्या आंगणात घेऊन बसत होती. हे पयलं लेकरू, ज्याले आपल्याच दारात कोवळं ऊन भेटून राह्यलं. लय उपकार झाले तुमचे."

फिल्मवाला आलाच नाही. काच पुसणारा मात्र दुसऱ्या दिवसापासून सूर्याच्या आधी येऊ लागला.