दहा वाजताची दुरुस्ती

आमच्या ऑनलाइन गेममध्ये सूचना आली होती: ‘गुरुवारी सकाळी दहाला दुरुस्ती. बॅगेत चुकून आलेल्या दुहेरी वस्तूंतली नक्कल काढली जाईल, अस्सल राहील.’

बुसानच्या गेमिंग कॅफेत गिचुल माझ्या शेजारी राम्यन नूडल्स ओरपत होता. गेममधल्या त्याच्या बॅगेतही तस्साच वाडगा आला होता. इथे त्याने अंडं खाल्लं, की तिथलंही गायब!

“लेका, दहाला तुझी नक्कल जाणार!” मी खिदळलो.

“जाऊ दे रे! माझं पोट तर भरतंय ना!”

दहा वाजले. स्क्रीनवरचा वाडगा वाफाळत राहिला. टेबलावरचा नाहीसा झाला.

गिचुल पोट धरून हसत सुटला.

दुरुस्ती बॅगेतल्या पुढच्या खणाकडे सरकली. त्या खणात गिचुल होता, असाच पोट धरून हसणारा.