साखरेला मंजुरी

"साखर घालू ना?" चहाच्या टपरीवरच्या तामिराने विचारलं. कानातल्या दुभाषी यंत्राने ते मराठीत सांगितलं, आणि मृदुलाताई खानापूरकरांचा जीव भांड्यात पडला.

दिवाळं निघालेल्या सोरांग या बेटावरच्या देशात आठ महिन्यांत कुणी असं विचारलं नव्हतं. हल्ली मदतीच्या पैशाला स्वतःची अक्कल होती. देणाऱ्या देशाने ठरवलेल्या वस्तूवरच तो खर्च व्हायचा, बाकी ठिकाणी हटून बसायचा. एका देशाचा पैसा दुधाचा, दुसऱ्याचा गॅसचा, तिसऱ्याचा चहापत्तीचा. आलंसुद्धा औषधांत बसलं, पण साखर सगळ्यांनीच चैनीत ढकलली. मृदुलाताईंचं काम मदत देणाऱ्या अकरा देशांचा मेळ घालायचं. बैठकांमागून बैठका झाल्या. शेवटी एक दिवस त्यांनी अकराही प्रतिनिधींना बेटावरचा तो बिनसाखरेचा चहा पाजला. पहिल्याच घोटाला सगळ्यांची तोंडं वाकडी झाली आणि साखर मंजूर झाली.

आज चहा चांगला गोडमिट्ट होता. ताईंनी पैसे द्यायला फोन काढला.

"राहू द्या हो ताई. हा माझ्याकडून."

गल्ल्यावरचं यंत्र मात्र अडलं. फुकट दिलेलं काहीही त्याच्या लेखी मदतच, आणि मदत म्हटली की त्याला देणाऱ्या देशाचं नाव हवं. पडद्यावर अकरा नावं आली. तामिराने ती वाचलीसुद्धा नाहीत. साखरेने चिकट झालेल्या बोटाने तिने खाली लिहिलं, 'सोरांग'.

त्या संध्याकाळी ताईंच्या यादीत मदत देणारे देश बारा होते.