जीपमधला सेट

“उठली काऊन?” मनोहरलालनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता जीपचं लोखंडी हँडल सुखवंताच्या हातावर हाणलं.

दोन बोटं मोडली. ती ओरडली नाही. ओरडलं की दुसरा तडाखा बसतो, हे तिला लग्न झाल्यापासून ठाऊक होतं.

“पुष्पाबाईची पोरगी विहिरीत पडली होती जी. दोर टाकाले धावली मी.”

“वाचली?”

“वाचली.”

“वाचली तं वाचली! मी जीपमधून हाका मारून राह्यलो आन् इकडं सेट मुका! कोणी मरत असन तरी जागेवरून हलाचं नाई. समजलं?”

“कोणीबी मरत असन तरी?”

“कोणीबी!”

“हो जी,” सुखवंता म्हणाली आणि चिंधीनं बोटं बांधायला बसली.

मनोहरलाल हा सौंदडचा तेंदूपत्त्याचा ठेकेदार. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात त्यानं जीप घेतली आणि मागाहून लष्करातलेच दोन जुने वायरलेस सेट पैदा केले. एक जीपमध्ये बसवला, दुसरा घरातल्या आतल्या खोलीत. अंगणात उंच बांबू उभारून त्यावर तार चढवली. हे सगळं करणारा जागेश्वर ब्रह्मदेशच्या लढाईत सिग्नलवर होता. बटन दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, असं त्यानं नवराबायकोला शिकवलं. जाताना म्हणाला, “जंगलात कधी फसले ना शेठ, तं हाच तुमचा जीव वाचवन.”

गावाला भारी कौतुक. फिरतीवर असूनही बायकोची हालहवाल विचारतो, किती तो जीव! कसला जीव घेऊन बसलात? बायको घरात आहे की नाही, एवढंच त्याला कळायला हवं होतं. वाटेत कुठंही थांबला की तो हाक मारायचा आणि तिनं तिथल्या तिथं “बोला जी” म्हणायचं. त्या खोलीत दुसऱ्या कुणाला पाय ठेवायची मुभा नव्हती.

बोटं मोडल्यापासून सेट एकदाही मुका राहिला नाही.

“पाह्य, बाई कशी सुधरते ते,” तो मुकादम रामलालला हँडल दाखवून सांगायचा. रामलाल हसायचा. मालक हसला की हसावंच लागतं.

ऐन मे महिन्यात मनोहरलाल एकटाच जंगलातल्या फडावर गेला. फड म्हणजे पानांचे पुडे घ्यायची जागा. पानं तोडून आणणाऱ्या दुधरामचे पुडे त्यानं लाथेनं उधळले.

“पानं फाटकी आहेत.”

“सकाळीच तोडली मालक. नीट पाहा ना एकडाव.”

नीट पाहा! मनोहरलालला कुणी नीट पाहायला सांगतं म्हणजे काय? तो जीपकडे गेला आणि हँडल घेऊन आला. पहिल्याच फटक्यात दुधरामचे पुढचे दात पडले. त्याची बायको वच्छला मध्ये पडली, तर तिचंही कपाळ फुटलं. सगळा फड खाली मान घालून उभा राहिला. दुधरामनं तोंडातलं रक्त थुंकलं, बायकोला खांद्याचा आधार दिला आणि झाडीत निघून गेला.

मनोहरलाल घाम पुसत जीपमध्ये बसला. “सुखवंता!”

“बोला जी.”

“निघून राह्यलो.”

“पाणी प्याले उठू का जी?”

“नाई. मी घरी येतपर्यंत उठाचं नाई.”

“हो जी.”

उन्हं कलली होती. नाल्याच्या उतारावर सागाचं खोड आडवं पडलेलं दिसलं. सकाळी येताना ते नव्हतं. पण रागाच्या भरात माणूस विचार करतो थोडाच! शिव्या हासडत तो खाली उतरला आणि खोड ढकलायला वाकला.

मागून कुऱ्हाड आली. पहिला घाव मांडीत बसला, दुसऱ्यानं नडगी मोडली. मनोहरलाल मातीत लोळला. दुधरामनं तिसऱ्या घावासाठी कुऱ्हाड उचलली आणि तशीच खाली घेतली.

“जा आता घरी,” फुटक्या तोंडानं तो म्हणाला आणि नाल्यात उतरून दिसेनासा झाला.

मनोहरलाल कोपरांवर सरपटत जीपपाशी गेला. धोतर फाडून त्यानं मांडी करकचून बांधली, पण रक्त थांबेना. लोंबणारी तार ओढून त्यानं सेटाचा माईक खाली घेतला आणि बटन दाबलं.

“सुखवंता!”

“बोला जी.”

त्याला रडू फुटलं. “दुधरामनं कुऱ्हाड मारली वं! नाल्याजवळ पडून आहो. रामलालले सांग, ट्रक घेऊन ये म्हणा. धाव, सुखवंता, धाव!”

त्यानं बटन सोडलं. सेटातून नुसती खरखर. त्याच्या जिवात जीव आला. धावली बाई! परक्याच्या पोरीसाठी धावली, ती नवऱ्यासाठी नाही धावणार? आता गल्लीत असेल. आता रामलालच्या दारात. रामलालनं ट्रकला हँडल मारलं असेल. गाव फार लांब नव्हतं. जागेश्वर खरंच बोलला होता.

मांडीखालची माती चिकट झाली. रक्तावर मुंग्या आल्या. नाल्यापलीकडं सूर्य टेकला, तरी ट्रकचा आवाज नाही.

हाक मारावी का? हात सेटाकडे जाई आणि मागे येई. त्याला भीती वाटली, अशी भीती त्याला जन्मात कुणाची वाटली नव्हती. जो सेट मुका राहिला म्हणून त्यानं बोटं मोडली होती, तो आता मुकाच राहावा म्हणून त्यानं देवाला हात जोडले.

मग त्यानं बटन दाबलं.

“सुखवंता?”

आणि सोडलं.

“बोला जी,” सेटातून तिथल्या तिथं आवाज आला. “मी जागेवरच आहो.”